एकतीस पुस्तकं आणि एक पंखा

पंखा मी लावला. हे पहिल्याच ओळीत कबूल केलेलं बरं, कारण पुढच्या साडेतीन तासांत जे झालं त्यात पंख्याचा काडीचाही दोष नव्हता. त्याच्या बटणावर काळी चिकटपट्टी लावलेली होती, एकावर एक अशी तीनदा. ज्याला डोळे आहेत त्याला कळावं की हे बटण दाबायचं नसतं. मला डोळे आहेत, वर चष्माही आहे. पण दुपारचे दोन वाजले होते, कपाळावरचा घाम हातातल्या कागदावर टपकत होता, आणि त्या कागदावर माझ्या नव्या कादंबरीला द्यायला काढलेली सतरा नावं होती. सातवं नाव पुसट होऊ लागलं तेव्हा मी उठलो, नखाने पट्टी सोलली आणि बटण दाबलं.

मोठ्या टेबलावर एकतीस पुस्तकं ओळीने मांडलेली होती. सगळ्यांना एकाच गठ्ठ्यातलं गडद हिरवं कापड चढवलेलं, सगळी सारख्याच उंचीची, एकाच गणवेशातली. पाठीवर अजून नाव नव्हतं. प्रत्येकावर एक चिठ्ठी नुसती ठेवलेली होती आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने त्या पुस्तकाचं नाव. पंखा पहिल्या गरगरीतच असा सुटला की एकतीसही चिठ्ठ्या एकदम उठल्या, दोन क्षण खोलीभर हिंडल्या, आणि मग जिथे जागा मिळेल तिथे जाऊन बसल्या.

बाइंडरमामा मागच्या नळावर हात धूत होते. ते ओल्या हातांनीच दारात आले. मला वाटलं, आता ओरडतील. मी ओरडून घ्यायला तयारही होतो. त्यांनी पंखा बंद केला, लोंबणारी पट्टी पुन्हा बटणावर बसवली, अंगठ्याने तीनदा दाबली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

मामा हे गल्लीचे मामा. त्यांची बहीण वरच्या मजल्यावर राहायची, तिची मुलं दिवसभर मामा मामा करत खाली यायची, ते ऐकून गल्लीनेही त्यांना मामा केलं. आता त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंही त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्या बायकोला मात्र कुणी मामी म्हणत नाही. ती बँकेत आहे, तिला मॅडम म्हणतात, आणि माझी खात्री आहे की घरात मामाही तेच म्हणत असावेत. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, दुसऱ्या टोकाला शेगडी, मधे टेबल, आणि सगळ्यावर खळीचा आंबूस वास. सव्वीस वर्षं ते इथे बसून फाटकी पुस्तकं उसवतात आणि परत शिवतात.

आता हे शिवणं कसं असतं ते सांगायला हवं, कारण मामांचं सगळं वाचन त्यातून आलेलं आहे. पुस्तक सुट्या पानांचं नसतं. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे एकावर एक. शिवताना प्रत्येक फर्मा बरोब्बर मधोमध उघडायचा आणि घडीतून सुई आत-बाहेर करायची. त्यामुळे शिवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नेहमी तीच पानं येतात. आठ-नऊ. मग चोवीस-पंचवीस. मग चाळीस-एक्केचाळीस. मामांनी शेकडो कादंबऱ्या अशा वाचल्या आहेत. सुरुवात माहीत नाही, शेवट माहीत नाही, आणि मधलंही सोळा पानांच्या उड्या मारत. पण जे वाचलं ते पक्कं. एकदा मी चहा पीत बसलो असताना त्यांनी मला एकाएकी विचारलं होतं, "ती मुलगी पास झाली का हो?" कोणती मुलगी ते मला कळायला पाव तास लागला. कुठल्याशा कादंबरीत छप्पन्नाव्या पानावर एक मुलगी निकालाच्या रांगेत उभी होती, आणि बहात्तराव्या पानावर तिचं लग्न चाललेलं होतं. मधे काय झालं ही काळजी मामा चार वर्षं वाहत होते.

तर घड्याळ. साडेपाचला वाचनालयाची गाडी येणार होती, आणि गाडीबरोबर खुद्द ग्रंथपालबाई. वाचनालयाचं काम म्हणजे मामांचं निम्मं वर्ष. आणि ते काम त्या दिवशी एका दोऱ्यावर लोंबत होतं. गेल्या खेपेला मामांनी चष्मा न लावता दोन चिठ्ठ्या वाचल्या होत्या आणि दोन पुस्तकांची नावं आपसात बदलली होती. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या एका सभासदाने सकाळच्या फिरण्याचे फायदे सांगणारं पुस्तक म्हणून जे घरी नेलं त्यात पहिल्या चाळीस पानांत तीन खून होते. ग्रंथपालबाईंनी शांतपणे सांगितलं होतं की आणखी एक नाव चुकलं, तर पुढची पुस्तकं स्टेशनजवळच्या मशीनवाल्याकडे. तेव्हापासून नावं टाकायचं काम मामांच्या लेकीने स्वतःकडे घेतलं होतं. ती पितळी अक्षरं जुळवून शेगडीवर तापवायची आणि सोनेरी कागदावरून पुस्तकाच्या पाठीवर दाबायची. हा तिचा पहिला पूर्ण गठ्ठा होता.

"बाबा, वाचनालयात फोन करू?" शेगडीवरून वळून ती म्हणाली.

"काय सांगशील?"

काय सांगणार होती? एकतीस पुस्तकांची नावं उडाली, असं? त्यापेक्षा गठ्ठा परस्पर मशीनवाल्याकडे पोचवलेला बरा.

मी भीत भीत म्हणालो की आत नाव असेलच ना, पहिल्या पानावर. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना सुई म्हणजे काय ते समजावत होतो. पहिलं पान असतं तर पुस्तक बाइंडिंगला कशाला आलं असतं? वाचनालयाच्या पुस्तकाचं पहिलं पानच पहिलं जातं. त्याच पानावर वाचनालयाचा शिक्का आणि नंबर, तेही त्याच्याबरोबर गेलेले. जुने पुठ्ठे सकाळीच भंगारात गेले होते. चिठ्ठी आत का ठेवली नाही, हेही मी विचारणार होतो, पण लेकीने आधीच सांगितलं की आतली खळ ओली असते, चिठ्ठी चिकटून बसते. म्हणून वर ठेवायची आणि म्हणून पंखा लावायचा नाही. "तीन पट्ट्या आहेत, काका," ती म्हणाली. पुढे काही म्हणाली नाही, हे तिचे उपकार.

चिठ्ठ्या गोळा करायला वीस मिनिटं गेली. शिकंज्याखाली, शेगडीमागे, एक खळीच्या डब्यात, एक लेकीच्या वेणीत. तीस झाल्या. एकतिसावी मिळेना. आम्ही तिघं गुडघ्यांवर रांगत होतो आणि घड्याळ तेवढं उभ्याने चालत होतं. शेवटी मामा म्हणाले, "लेखक, पाय उचला." एकतिसावी माझ्या बुटाच्या तळाला होती, खळीने घट्ट. मामांनी ती सोडवली, बाहीला पुसली आणि इतरांत ठेवली.

मग काम सुरू झालं. काही पुस्तकांत प्रत्येक पानाच्या डोक्यावर नाव छापलेलं असतं. अशी एकोणीस निघाली. लेकीने लगेच अक्षरं तापवायला घेतली. शेगडीची धग, खिडक्या बंद, पंखा बंद. घाम पुसायची माझी हिंमत नव्हती. हात हलला तरी एखादी चिठ्ठी उडेल असं वाटत होतं.

उरली बारा पुस्तकं आणि बारा चिठ्ठ्या. साडेतीन वाजले होते.

मामा स्टुलावर बसले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "वाचा." मी पहिली चिठ्ठी वाचली. 'सातव्या मजल्यावरची शेळी.' मामांनी डोळे न उघडता सांगितलं की त्यात एक म्हातारा लिफ्टमनशी भांडतो, चाळिसाव्या पानावर. जाडजूड पुस्तक आहे, डावीकडून चौथं बघा. मी चौथं घेतलं, चाळिसावं पान काढलं. म्हातारा होता, लिफ्टमन होता, शेळीही होती. 'मावशीने विकलेली खिडकी', मी वाचलं. "पलीकडचं पातळ." होतं. 'डॉक्टरांचा उजवा बूट.' "त्याचा दोरा मधेच तुटला होता, पाठीवर जरा फुगवटा असेल." होता.

असं एकेक लागत गेलं. मी नाव वाचायचो आणि मामांच्या आतून कुठूनतरी एक पान वर यायचं. एका नावाला ते अडले, 'परतीचं तिकीट नको', कारण ते दोन पुस्तकांपैकी कुठल्याचंही असू शकत होतं. मामा घामाने निथळत म्हणाले की रडणारा माणूस फलाटावर आहे का दवाखान्यात, तेवढं बघा. फलाटावर होता. लेकीने सुटकेचा श्वास सोडला आणि पुढची अक्षरं शेगडीवर ठेवली.

सव्वाचारला दहा झाली. दोन चिठ्ठ्या उरल्या, दोन पुस्तकं उरली.

मी अकरावी चिठ्ठी वाचली. 'धूसर प्रहरांची सावली.' मामांच्या कपाळाला आठी पडली. ते म्हणाले, पुढची वाचा. पुढची चिठ्ठी बुटाखालची होती. तिच्यावर माझ्याच बुटाची नक्षी उमटलेली होती, आणि त्या नक्षीखाली मामांच्या पेन्सिलीने लिहिलं होतं, 'अस्वस्थ आवर्तनांचे आकाश.'

मी ते वाचलं. हे माझ्याच पुस्तकाचं नाव आहे ते मामांना कळायचं कारण नव्हतं. वाचनालयाच्या पुस्तकांच्या पाठीवर फक्त पुस्तकाचं नाव असतं. लेखकाचं नाव नंतर वाचनालयात कागदावर लिहून चिकटवतात. त्यामुळे चिठ्ठीवर लेखक नव्हता. चौदा वर्षांपूर्वी हे नाव सुचलं तेव्हा मी आनंदाने घरभर फिरलो होतो. बायकोने विचारलं होतं, म्हणजे काय? मी म्हणालो होतो, ते वाचकाला जाणवायला हवं.

मामांना काहीच जाणवलं नाही. त्यांनी दोन्ही पुस्तकं मांडीवर घेतली. एकात एक नर्स होती. रात्रपाळी संपवून ती गच्चीवर जाऊन उभी राहते. दुसऱ्यात एक कुलपं दुरुस्त करणारा होता.

"हा मला माहितीय," मामा म्हणाले, आणि दुपारपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. "हा गावभर लोकांची दारं उघडून देतो आणि स्वतःच्या दाराची किल्ली हरवून पायरीवर बसतो. बायको आत झोपलेली, आणि हा कडी वाजवत नाही, तिची झोप मोडेल म्हणून. बहात्तरावं पान. तीनदा शिवलंय मी हे. लोक वाचून वाचून चिंध्या करतात."

इथे मी बोलायला हवं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की मामा, ते माझं. पण माझ्या मनाने घात केला. ज्याने तीनदा शिवलं, ज्याला पायरी आठवते, ज्याला कडी आठवते, त्याला नावही आठवेलच, असं वाटलं. आठवावं, असं वाटलं. मी गप्प राहिलो.

मामांनी विचार केला. नावांकडे पाहिलं, पुस्तकांकडे पाहिलं. मग ते लेकीला म्हणाले की नर्स गच्चीवर जाते, वर आकाश असणारच. आणि हा पायरीवर बसतो ती दाराच्या सावलीत. तेव्हा आकाश नर्सला आणि सावली कुलूपवाल्याला. यात चूक काढायला जागाच नव्हती. माझं नाव त्या नर्सच्या पुस्तकाला माझ्या पुस्तकापेक्षा चांगलं शोभत होतं. लेकीने अक्षरं जुळवली, तापवली. चुर्र असा आवाज झाला आणि हिरव्या पाठीवर सोन्याने उमटलं, 'अस्वस्थ आवर्तनांचे आकाश'. मग तिने कुलूपवाल्याला जवळ ओढलं आणि 'धू' उचलला.

"थांब," मी म्हणालो. "ते नाव त्याचं नाही. आत्ता टाकलंस ते त्याचं आहे."

"कशावरून?" मामांनी विचारलं.

"मी लिहिलंय ते."

मामांनी चष्मा काढला.

"कुलूपवाला तुम्ही लिहिलाय?"

"हो."

"आणि आत्तापर्यंत गप्प बसलात."

"मला वाटलं, नावावरून ओळखाल."

"त्या नावावरून?" मामा म्हणाले. तेवढंच. घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती.

नर्सच्या पाठीवरचं सोनं पुसून निघत नाही. त्यावर ठिगळ लावलेलं ग्रंथपालबाई चालवून घेत नाहीत. म्हणजे तिचं कव्हर सोलून काढायचं, नवे पुठ्ठे कापायचे, नवं कापड चढवायचं, चिकटवायचं, दाबायचं, सुकवायचं, मग नाव. मामा एरवी या कामाला एक अख्खा दिवस देतात. त्या दिवशी पन्नास मिनिटं होती. त्यांनी मला शिकंज्याच्या चाकापाशी उभं केलं आणि सांगितलं, मी म्हणेन तेव्हा फिरवा, नाहीतर कशालाही हात लावू नका. सुरी पुठ्ठ्यातून अशी गेली की मी डोळे मिटले. लेकीने कापड ताणलं, मामांनी कोपरे दुमडले. दोघांचे हात एकमेकांच्या मधून जात होते आणि एकदाही आपटत नव्हते. फिरवा, म्हटलं की मी फिरवत होतो.

पाच वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा पुस्तक शिकंज्यातून बाहेर आलं. ओलंच. मामांनी पाठीवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि वर छताकडे पाहिलं.

"लावा पंखा," ते म्हणाले.

मी जागचा हललो नाही. मला वाटलं, टोमणा आहे.

"अहो, लावा. आता काय उडणारे?"

शेवटी लेकीनेच पट्ट्या सोलल्या. पुस्तक पंख्याखाली उभं धरून मामा दहा मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहिले. मग पंखा पुन्हा बंद, कारण सोनेरी कागद उडतो. कुलूपवाल्याला त्याचं आकाश मिळालं. नर्सला तिची सावली देऊन लेकीने हात खाली घेतला आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

ग्रंथपालबाई बसल्या नाहीत. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचं, मधेच कुठेतरी उघडायचं, दोन ओळी वाचायच्या, मिटायचं आणि पाठीवरचं नाव बघायचं. त्यांनी सगळी वाचलेली होती. एक, दोन, तीन. लेक भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या बोटांना अजून सोनं लागलेलं होतं. सतरा. अठरा. शेळी गेली, बूट गेला, फलाटावरचा माणूस गेला. तिसावं नर्सचं होतं. बाईंनी ते हातात धरलं आणि तशाच थांबल्या.

"हे गरम आहे."

"ताजं आहे," मामा म्हणाले.

त्यांनी दोन ओळी वाचल्या, पाठ पाहिली आणि ठेवलं. मग माझं घेतलं. उघडलं, वाचलं, मिटलं, पाठीवरचं नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"या नावाने हे आजवर एकाने मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे म्हणतात, ते कुलूपवालं द्या. मला दर वेळी आठवावं लागतं, याचं नाव काय ते."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्याच्या रिळाचं बारकाईने निरीक्षण करत होतो. मामांनी माझं नाव काढलं नाही, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही. बाईंनी सही केली, पुढचा गठ्ठा पंधरा तारखेला पाठवते म्हणाल्या, आणि दारातून वळून लेकीला सांगितलं की अक्षरं सरळ आली आहेत. गाडी गेली. लेक खाली बसली आणि बोटांचं सोनं पुसू लागली.

मी आता निघून जायला हवं होतं. पण मी ज्यासाठी आलो होतो ते तसंच होतं. माझ्या नव्या कादंबरीची आतली पानं छापून मामांकडे आलेली होती, आठवड्यापूर्वीच त्यांनी पहिली प्रत शिवूनही ठेवली होती. नावाचं पान आणि कव्हर तेवढं अडलेलं. प्रकाशकाने आज संध्याकाळची शेवटची मुदत दिली होती. एकाच घरात राहणाऱ्या, बारा वर्षं न बोललेल्या दोन भावांची ती गोष्ट.

मी घामाने भिजलेला कागद काढला आणि सतरा नावं वाचून दाखवली. मामा शेगडी पुसत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "तिसरं काय होतं?" मी कागद वर धरला. "कागदात बघू नका," ते म्हणाले.

मला तिसरं आठवेना. पहिलं आठवलं, तेही अर्धं. सतराही मी स्वतः काढलेली, दोन महिने खपून.

मी कागदाची घडी केली. काही सुचेना म्हणून उगाच कोपऱ्यातल्या फळीकडे गेलो, तिथे माझी शिवलेली प्रत ठेवली होती. उघडी पाठ, पांढरे दोरे. तिच्यावर एक चिठ्ठी होती, दुकानातली एकुलती एक न उडालेली, कारण मामांनी तिच्यावर कात्री ठेवली होती. बिननावाचं पुस्तक त्यांना फळीवर चालत नाही. ओळखायला काहीतरी लागतं, म्हणून ते स्वतःच तात्पुरतं नाव लिहून ठेवतात. पेन्सिलीने लिहिलं होतं, 'जिना कोणाचा'.

मी ते वाचलं. पुन्हा वाचायची गरज पडली नाही. दोन्ही भाऊ समोर आले, मधला तो अरुंद जिना आला, खालच्याने बंद केलेला दिवा आणि वरच्याने अंधारात मोजलेल्या पायऱ्या आल्या. मी चिठ्ठी हातात घेऊन मामांकडे वळलो.

"मामा, हे नाव कुणी ठेवलं?"

मामांनी शेगडीवरून मान वर केली नाही.

"तुम्हीच. पान एकशे चार."